जेवणातली चोर बाटली

एकच शब्द माणसाने किती वापरावा याला काही धरबंध असावा की नसावा? भिंगबाईच्या नवऱ्याच्या लेखी तो नव्हता. त्याचा शब्द 'छान'. नवे पडदे छान, आणि उतरवलेले जुने पडदेही छानच होते. दाढ काढून सुजलेल्या तोंडाने जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्यालाही तो 'छान दिसताय' म्हणाला होता, त्यावर तो शेजारी महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. जेवणाचं तर विचारूच नका. सहा वर्षांच्या संसारात भिंगबाईने सोमवार ते गुरुवार रोज संध्याकाळी जे काही ताटात वाढलं ते सगळं छान होतं. शुक्रवारी तो स्वतः अंडी आणि पाव करायचा, तेही छान व्हायचं.

भिंगबाईचं खरं नाव वेगळं होतं, पण ते आता हजेरीपटापुरतं उरलं होतं. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ती अकरा वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. समोर उजेडाची पांढरी पाटी, तिच्यापुढून पट्ट्यावर सरकत जाणाऱ्या बाटल्या, आणि तिने नुसतं बघायचं. कुठे बुडबुडा आहे, कुठे मान वाकडी आहे, कुठे केसाएवढी चीर आहे. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही, म्हणून ती भिंगबाई. नवराही तिला लाडात आला की 'भिंग' म्हणायचा.

नवरा पाणी खात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसायचा. तिथे त्याचं नाव गोडबोल्या. नळाला पाणी नाही म्हणून माणूस तणतणत यायचा आणि जाताना 'साहेब, तुम्हीच थोडं पाणी प्या, दमलात' असं सांगून जायचा. त्याच्या खात्याचा एक नियम होता. एका गल्लीतून एक तक्रार आली की नुसती लिहून घ्यायची. दोन आल्या की खाली रेघ मारायची. तीन आल्या की मगच खोदायला माणसं पाठवायची. नाहीतर लोक स्वतःच्याच घरातली तोटी बंद ठेवतात आणि खातं उगाच रस्ता उकरत बसतं.

आता एवढ्या गोड माणसाशी भांडावं तरी कशावरून? भिंगबाई भांडलीही नसती, पण मधे कॅन्टीन आलं.

झालं असं की कारखान्याच्या कॅन्टीनमधले म्हातारे आचारी काम सोडून लेकीकडे राहायला निघाले. भिंगबाईच्या डब्यात रोज दुपारी चार-पाच जणींचे हात पडायचे, आणि 'हिच्या हाताला चव आहे' हे मॅनेजरसाहेबांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी तिला बोलावून विचारलं, "बाई, कॅन्टीन बघाल का? पुढच्या शुक्रवारपर्यंत सांगा. पण एक आहे, तपासणीचं टेबल मग दुसऱ्याला द्यावं लागेल. ते परत मिळायचं नाही."

अकरा वर्षं बाटल्या बघून तिचे डोळे शिणले होते आणि तिला ते कॅन्टीन मनापासून हवं होतं. पण दीडशे माणसं रोज जेवणार. आपल्याला खरंच स्वयंपाक येतो का? डब्यात हात घालणाऱ्या बायकांचं काही खरं नाही, फुकटच्या घासाला नावं कोण ठेवतं? खरं सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता, सहा वर्षं तिच्या हातचं खाल्लेला. तिने त्याला त्याच संध्याकाळी विचारलं.

"छान," तो म्हणाला. "घे की."

"माझं जेवण दीडशे लोकांना घालण्यासारखं असतं का पण?"

"छान असतं गं."

पडद्यांच्या वेळचाच सूर. पालथ्या घड्यावर पाणी. भिंगबाईने रविवारभर विचार केला आणि तिला चोर बाटली सुचली.

चोर बाटली म्हणजे काय ते सांगते. तपासणीवरची माणसं जागी आहेत ना, हे बघायला सुपरवायझर आठवड्यातून एकदा पट्ट्यावर मुद्दाम एक खराब बाटली सोडतो. बुडाला बारीकसा निळा ठिपका, बाकी चारचौघींसारखी. तुम्ही ती बाजूला काढली तर जागे. जाऊ दिलीत तर संध्याकाळी साहेबांपुढे उभं राहायचं. अकरा वर्षांत भिंगबाईने एकही चोर बाटली जाऊ दिली नव्हती. तिने ठरवलं, आता घरच्या पट्ट्यावर एक सोडून बघू.

सोमवारी तिने बटाटा-टोमॅटोचा रस्सा केला आणि त्यात मीठ घातलंच नाही. चिमूटभरसुद्धा नाही. आता चोर बाटली सोडायची तर आपला चेहरा सरळ हवा, म्हणून तीही तोच अळणी रस्सा भातावर घेऊन बसली आणि जणू काही रोजचंच आहे अशी जेवू लागली. नवऱ्याने पहिला घास घेतला. हात थांबला. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे चावत होती. त्याने आणखी एक घास घेतला, परत तिच्याकडे पाहिलं.

"कसं झालंय?" तिने विचारलं.

"छान झालंय," तो म्हणाला, आणि भांड्यात होता नव्हता तेवढा रस्सा वाढून घेऊन संपवला.

कपाळ माझं, भिंगबाई मनात म्हणाली. सकाळी डब्यात न्यायला रस्सा उरला नव्हता, तिने पाव नेला.

मंगळवारी मसुराचं सूप. मिठाऐवजी तीन चमचे साखर. ते सूप गिळताना भिंगबाईच्या डोळ्यांत पाणी यायची वेळ आली, पण तिने हूं की चूं केलं नाही. नवऱ्याने चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ तो बाहेरच काढला नाही. मग हळूच विचारलं, "आज तारीख काय गं?"

"चौदा. का?"

"सहज. आणि वार?"

"मंगळवार. सूप कसं झालंय?"

"छान," तो म्हणाला. आवाज जरा बसल्यासारखा वाटत होता. त्याने तीन वाट्या सूप प्यायलं आणि भांडं तिथल्या तिथे घासून टाकलं.

बुधवारी सकाळी ती चहा करायला उठली तर मिठाच्या बरणीवर चिठ्ठी चिकटवलेली. 'मीठ'. साखरेच्या बरणीवर 'साखर'. तक्रारवहीत लिहितो तशी त्याची नेटकी, गोल अक्षरं. भिंगबाईला हसू आलं आणि रागही आला. म्हणजे कळलंय तर. मग तोंडाने बोलायला काय जीभ झडते?

"हे कशाला?" तिने विचारलं.

"मुंग्या होतात," तो बुटांच्या नाड्या बांधत म्हणाला.

चिठ्ठ्या लावल्याने मुंग्या वाचून परत जातात की काय, हे तिने विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी तिने कोबीच्या भाजीत मीठ घातलं, आणि पुन्हा घातलं. पहिला घास घेताच तिच्या जिभेला झिणझिण्या आल्या. नवऱ्याने दोन पेले पाणी प्यायलं. मग भाजी ओढून घेतली आणि मान खाली घालून सगळी खाल्ली. मधेच म्हणाला, "आपण लग्नानंतर पहिल्यांदा ज्या घरात राहिलो, त्याच्या दाराचा रंग कोणता होता?"

"हिरवा. तुला आज काय सुचतंय हे?"

"हिरवाच," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा थोडा उजळला. "छान झालीय भाजी."

गुरुवारी दुपारी धाकट्या बहिणीचा फोन आला. ती एरवी महिन्यातून एकदा करते, तोही काही हवं असलं तर. "ताई, कशी आहेस? मी कोण बोलतेय, ओळखलंस ना?" बहिऱ्याशी बोलावं तशा मोठ्या आवाजात. भिंगबाई म्हणाली, "अगं, तुझं नाव दिसतंय की फोनवर." तर ती पलीकडून 'बरं बरं, छान' म्हणाली. हिलाही लागण झाली का, असं म्हणून भिंगबाईने फोन ठेवला.

आता राहिला भात. गुरुवारी संध्याकाळी तिने भात गॅसवर ठेवला आणि मुद्दाम बाहेर जाऊन खुर्चीत बसली. वास सुटला, धूर निघाला, तरी ती मासिक चाळत बसली. नवरा पायात चप्पलसुद्धा न घालता बाल्कनीतून धावत आला आणि त्याने गॅस बंद केला. काळ्या ठिक्कर पडलेल्या भातातून वरवरचा भात काढून त्याने दोघांना वाढलं. खरवडही त्यानेच खाल्ली, कडाकडा चावून. घासागणिक भिंगबाई वाट बघत होती. आता बोलेल. आता तरी बोलेल.

आणि तो बोलला. ताटाकडे बघत म्हणाला, "ते कॅन्टीनचं... एवढ्यात नको घेऊस. थोडं थांब."

"का? स्वयंपाक वाईट असतो माझा?"

"छे, छे. छान असतो."

"मग?"

"काही नाही. थांब थोडी, एवढंच."

भिंगबाई मोठ्या तोऱ्यात सापळा लावायला गेली होती आणि बोट तिचंच सापडलं. याचा अर्थ सरळ होता. सहा वर्षं हा माणूस तिचं जेवण कसंबसं गिळत होता. मुद्दाम बिघडवलेलं आणि मनापासून केलेलं यांत त्याला काही फरकच वाटत नव्हता. दोन्हीला छान म्हणायचं आणि दीडशे लोकांच्या पोटावर मात्र जाऊ द्यायचं नाही. तिला खूप वाईट वाटलं. रडू येत होतं, पण रडली नाही, उशी उलटी करून भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

शुक्रवारी ती नकार सांगायला मॅनेजरसाहेबांच्या खोलीत गेली, तर ते बाहेरगावी गेलेले. टेबलावर तिच्यासाठी निरोप होता. संध्याकाळी आठला फोन करा.

घरी आली तेव्हा साडेसहा वाजले होते. शुक्रवार, म्हणजे अंडी-पाव. पण दारातच तिला कांद्या-टोमॅटोचा वास आला. नवरा ओट्यापाशी घामाघूम होऊन उभा होता. सगळीकडे सालं पडली होती, आणि एका बोटाला पट्टी बांधलेली. त्याने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती, सहा वर्षांत पहिल्यांदा.

"बस," तो म्हणाला. त्याने एका वाटीत रस्सा घातला. तिचाच, बटाटा-टोमॅटोचा. "चाखून सांग कसा झालाय."

आवाज तक्रारीच्या खिडकीवरचा नव्हता. भिंगबाई कालच्या गोष्टीवरून अजून फुगलेलीच होती, त्यामुळे तिने काही हातचं राखलं नाही. चमचाभर चाखला आणि म्हणाली, "यात मीठच नाहीये. कांदा कच्चा आहे. टोमॅटो सालासकट टाकलेत आणि बटाट्यांचा गाळ झालाय."

"मीठ नाही? नक्की?"

"नक्की म्हणजे? शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

तो मागच्या स्टुलावर मटकन बसला. हातातलं फडकं तोंडावर धरलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. भिंगबाई घाबरली. आपण फारच तोडून बोललो, बिचाऱ्याने बोट कापून घेऊन केलंय, असं तिला वाटलं. ती घाईघाईने म्हणाली, "अरे, तसं नाही, छान आहे. छान झालाय."

फडक्याआडून तो रडता रडता हसला. मग डोळे पुसून म्हणाला, "मी मीठ घातलंच नव्हतं. मुद्दाम. तुला कळतं का बघायचं होतं."

"मला का नाही कळणार?"

"आईचं असंच सुरू झालं होतं."

सासूबाईंना भिंगबाईने फक्त फोटोत पाहिलं होतं. शेवटी शेवटी त्या कुणाला ओळखत नव्हत्या, एवढंच तिला माहीत होतं. सुरुवात कशी झाली ते त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं.

"आधी ती मीठ विसरली," तो म्हणाला. "आम्ही हसलो. मग मिठाऐवजी साखर घातली, तेव्हाही हसलो. मग एकाच भाजीत दोनदा मीठ. आणि स्वतः तेच जेवायची गं, शांतपणे, काही झालंच नाही अशी. मग एक दिवस भात जळून घरभर धूर झाला आणि ती शेजारच्या खोलीत बसून राहिली होती. त्यानंतर दीड वर्षात मला म्हणाली, तुम्ही कोण." त्याने फडक्याने नाक पुसलं. "तू सोमवारी अळणी वाढलंस तेव्हा मी म्हटलं, होतं कधीतरी. मंगळवारी खाली रेघ मारली. बुधवारी तिसरी आली. मग तुझ्या बहिणीला फोन केला. येत्या सोमवारी डॉक्टरांकडे वेळ घेतलीय."

अळणी, साखर, खारट, धूर. तिने स्वतःच्या हुशारीने एकेक करून त्याच्यापुढे तेच ताट मांडलं होतं.

"मी मुद्दाम केलं," ती म्हणाली.

त्याला कळलं नाही. तिने सगळं सांगितलं. कॅन्टीन, 'छान', निळा ठिपका, चोर बाटली. सांगताना तिला स्वतःचीच लाज वाटत होती, पण तिने काही गाळलं नाही. तो ऐकत राहिला.

"म्हणजे तुला प्रत्येक घास कळत होता?"

"प्रत्येक. तुलाही कळत होता, मग तू कशाला खात होतास? ती कोबी, अख्खी?"

"उरली असती तर सकाळी तुझ्या डब्यात गेली असती," तो म्हणाला. "तिथे त्या सगळ्या हात घालतात. हसल्या असत्या तुला. कॅन्टीनचंही फिसकटलं असतं."

भिंगबाई त्याच्यासमोर दुसरं स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "चुकलं माझं."

पुढे काय येणार ते तिला पाठ होतं. असू दे गं, काही हरकत नाही. त्याचं तोंड उघडलंही, 'अ' निघालाही. पण मग पुढचं त्याने गिळलं आणि तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "चुकलं. फार चुकलं तुझं. तीन रात्री मी झोपलो नाहीये."

सहा वर्षं ती याच आवाजाची वाट बघत होती. तो असा येईल असं तिला वाटलं नव्हतं. तिला मनापासून लागलं. आणि लागूनसुद्धा आत कुठेतरी बरं वाटलं, याचंही तिला वाईट वाटलं. तिने त्याचा पट्टी बांधलेला हात हातात घेतला आणि तो त्याने सोडवून घेतला नाही, पण लगेच हसलाही नाही.

घड्याळात पावणेआठ झाले होते.

"आठला साहेबांना फोन करायचाय," ती म्हणाली. "नाही म्हणून सांगते."

"का?"

"तूच म्हणालास, थांब."

"अगं, तू विसरायला लागलीस असं वाटलं म्हणून म्हणालो. विसरणाऱ्या बाईला दीडशे माणसांच्या चुलीपुढे उभी करू?"

"मग आता खरं सांग. छान सोडून. माझा स्वयंपाक कसा असतो?"

त्याने फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. तक्रारी ऐकण्यात जन्म गेला, पण स्वतः तक्रार करायची सवय नव्हती. सुरुवातीला शब्द अडखळत आले. "रस्सा उत्तम असतो. सोमवारी मीठ नव्हतं तरी बाकी सगळं नेमकं होतं, म्हणून तर जास्त भीती वाटली. भाज्या चांगल्या. सूप बरं असतं, पण तू ते फार ढवळतेस. भात चारातून एकदा चिकट होतो."

"चारातून एकदा?"

"तू विचारलंस म्हणून सांगतोय. बिस्किटं करायला जाऊ नकोस, ती दगडासारखी होतात. मी ती खिशात घालून ऑफिसला नेतो, तिथे कुणी खात नाही." आता त्याला रंग चढला. "आणि मासे."

"माशांना काय झालंय? मासे तर माझे..."

"चामडं होतं. सहा वर्षं मी चामडं खातोय. मासा चुलीवरून कधी उतरवायचा ते तुला कळत नाही, कधीच कळलं नाही."

भिंगबाईचा चेहरा पडला. मासे ही तिची शान होती. पाहुणे आले की ती मासेच करायची. पाहुणे दुसऱ्यांदा का येत नाहीत, हे कोडं आता सुटलं. "बरं," ती कशीबशी म्हणाली. "पुरे आता."

"अजून चटण्या राहिल्यात."

"पुरे म्हटलं ना."

ठीक आठला तिने फोन लावला. नवरा समोरच बसला होता, स्वतःच्या अळणी रश्श्यात मीठ ढवळत. "साहेब, कॅन्टीन मी घेते," ती म्हणाली. पलीकडून बरंच काही बोलणं आलं. मग तिने घसा साफ केला. "एक मात्र आहे साहेब. माशांसाठी तेवढं दुसरं कुणी बघा. मासे मला येत नाहीत." पुन्हा पलीकडून बोलणं. ती 'हो, हो' करत राहिली आणि तिने फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, काय बाई, चालतंय की, घरचे खातातच ना तुमच्या हातचे मासे."

"घरचे यापुढे खाणार नाहीत," तो म्हणाला, आणि त्याने तिच्या वाटीत रस्सा वाढला.